कोडिंग बूटकॅम्प : नोकरी सोडून चार महिने द्यावेत का?

हिरण्यकेशी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी बीएस्सी केमिस्ट्री. कुरकुंभ एमआयडीसीत एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाच्या गुणवत्ता तपासणीला आहे. एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) सॅम्पल लावायचं, त्याचे ग्राफ म्हणजे क्रोमॅटोग्राम बघायचे, आकडे सिस्टीममध्ये भरायचे, तिन्ही शिफ्ट. काम वाईट नाही, पण डिपार्टमेंटमधल्या सिनियर मंडळींकडे बघितलं की माझी पुढची दहा वर्षं आत्ताच दिसतात.

पुण्यात एका ठिकाणी फुलस्टॅकचा (वेबसाइटची दिसणारी आणि मागची, दोन्ही बाजू शिकवणारा) चार महिन्यांचा बूटकॅम्प आहे. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, रिअ‍ॅक्ट, नोड, डेटाबेस, गिट, सगळं. फी सव्वा लाखाच्या घरात, हप्त्यांची सोय आहे. काउन्सेलर मॅडम रोज फोन करतात की बुकिंग अमाऊंट आजच भरा, सीट जाईल. नोकरी सोडल्याशिवाय हे जमणार नाही आणि पुण्यात कॉट बेसिसवर राहायचा खर्च वेगळा. कोडिंग म्हणाल तर कॉलेजात ओ की ठो केलेलं नाही, एक्सेल मात्र बरं येतं. घरी गडहिंग्लजला विषय काढला तर वडील एवढंच म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागं कशाला?"

पूर्ण नवख्या माणसाला एवढ्या वेगात खरंच येतं का? ज्यांनी केलंय त्यांनी स्पष्ट सांगा. गोड बोलायला मॅडम आहेतच.


अर्धविराम

बुकिंग अमाऊंट आज भरू नका. रोज फोन करणाऱ्याला टार्गेट असतं. सीटा भरलेल्या असत्या तर फोन आला नसता.

मी डेव्हलपर आहे. आमच्या टीममध्ये दोघं बूटकॅम्पमधून आलेले आहेत, एक आधी हॉटेलच्या किचनमध्ये होता, दुसरी बीकॉम. दोघंही चोख काम करतात. पण दोघांनीही क्लासचं तोंड बघायच्या आधी व्हेरिएबल, इफ-एल्स, लूप, फंक्शन, अ‍ॅरे एवढं घरी बसून आपलं आपण केलेलं होतं. बूटकॅम्पमध्ये लूपच्या वाट्याला एक-दोन दिवस येतात. नव्या माणसाच्या डोक्यात लूपच्या आतलं लूप बसायला दोन-तीन आठवडे सहज जातात, त्याचा हुशारीशी काही संबंध नाही. तोवर वर्ग रिअ‍ॅक्टवर गेलेला असतो. मग माणूस समजून घ्यायचं सोडतो आणि सरांच्या स्क्रीनवरचं उतरवून घ्यायला लागतो. त्या क्षणापासून फी पाण्यात.


जुना_डॅकवाला

बूटकॅम्प हे नाव अलीकडे अमेरिकेतून आलं, प्रकार मात्र पुण्याला नवा नाही. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा डॅक कोर्स आम्ही केला तेव्हा वाय-टू-केची धामधूम होती. सकाळी लेक्चर, दुपारपासून लॅब, रात्री लॅब रिकामी मिळते म्हणून परत लॅब. सहा महिने दिवाळी-गणपती काही दिसलं नाही. अमेरिकेने सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ केली म्हणून १९८८ साली सी-डॅक उभी राहिली, १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर केला, आणि हे करायला माणसं लागतात म्हणून पुढे शिकवणंही सुरू झालं. आता त्याला पीजी-डॅक म्हणतात. फी माझ्या भाच्याने भरली तेव्हा नव्वद हजार अधिक जीएसटी होती. म्हणजे तुमच्या क्लासपेक्षा स्वस्तच.

माझं म्हणणं, तीव्र कोर्स करायचाच तर प्रवेश परीक्षा असलेला करावा. सी-डॅकच्या प्रवेश परीक्षेत, सी-कॅटमध्ये, एकेक तासाचे पन्नास-पन्नास प्रश्नांचे विभाग असतात, बरोबर उत्तराला तीन गुण, चुकलं की एक कापतात. त्या चाळणीतून आलेली पोरं शेजारी बसली की आपलाही वेग वाढतो. जिथे पैसे भरले की प्रवेश, तिथे वर्ग सगळ्यात मागे असलेल्याच्या वेगाने चालतो नाहीतर त्याला टाकून पुढे जातो. दोन्ही वाईट.


भातुकली

काका, सल्ला चांगला आहे, पण ताई बीएस्सी केमिस्ट्री आहेत. पीजी-डॅकला इंजिनीअरिंग, एमसीए, नाहीतर ठरावीक विषयांतलं एमएस्सी लागतं. मी बीएस्सीवर चौकशी केली होती, दारातूनच परत पाठवलं.


जुना_डॅकवाला

हे ध्यानात नव्हतं. मग प्रश्न खरंच अवघड आहे.


पावशेर

पॉपकॉर्न बाजूला ठेवून गंभीरपणे एकदाच बोलतो.

"हप्त्यांची सोय" म्हणजे काय ते आधी विचारा. बहुतेक ठिकाणी क्लास तुम्हाला हप्ते देत नाही. एक फायनान्स कंपनी तुमच्या नावावर कर्ज काढते, सगळी रक्कम पहिल्याच दिवशी क्लासला देते आणि तुमच्या खात्यावर ई-मॅंडेट (हप्ता आपोआप कापून घ्यायची परवानगी) लावते. तुम्ही महिनाभराने क्लास सोडलात, क्लासने सर बदलले, बॅच बंद पडली, काहीही झालं तरी हप्ता सुरूच. क्लासला पैसे मिळून चुकलेत, त्याला तुमच्याशी देणंघेणं नाही. हप्ता चुकवलात की सिबिल खराब, आणि मग पुढे घराचं कर्ज घेताना बँकेचा साहेब हे उकरून काढतो. माझ्या चुलतभावाच्या बाबतीत अगदी हेच झालं. क्लासचं नाव इथे घेत नाही, असे अनेक आहेत.

"आधी नोकरी, मग फी" वाले करारही वाचून सही करा. कुठल्याही नोकरीवर फी लागू होते की फक्त कोडिंगच्या? पगार किती झाला की वसुली सुरू? कॉल सेंटरला लागलात तरी कापणार का? मूळ मार्कशीट आणि कोरे चेक कोणाच्या बापाला द्यायचे नाहीत. भाषेबद्दल क्षमस्व, पण देतात लोक.


थंडीतली_सई

पावशेर यांच्या पोस्टला +१००. इकडची गोष्ट सांगते.

मी एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकागोत होते. २०१५ मध्ये एच-४ वाल्यांपैकी काहींना काम करायची परवानगी मिळायला लागली, तेव्हा बूटकॅम्प केला. त्या काळी इथे गल्लोगल्ली बूटकॅम्प होते. ज्याने ही लाट सुरू केली असं मानतात तो डेव्ह बूटकॅम्प २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघाला आणि २०१७ च्या डिसेंबरात बंदही झाला. त्याच वर्षी आयर्न यार्डनेही शटर ओढलं. लॅम्डा स्कूलचं तर फारच गाजलं: आधी फी नको, नोकरी लागली की दोन वर्षं पगारातले १७ टक्के द्या, कमाल ३० हजार डॉलर. ऐकायला किती छान! २०२४ मध्ये इथल्या ग्राहक आर्थिक संरक्षण ब्युरोने त्यांच्यावर कारवाई केली. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के मुलांना नोकऱ्या असं छापायचे, गुंतवणूकदारांना दाखवलेला आकडा ५० च्या आसपास आणि काही बॅचना ३० पर्यंत खाली. तेव्हा प्लेसमेंटची टक्केवारी ही कोणी, कशी मोजली ते कळेपर्यंत कानाआड करायची.

आता चांगलं तेही सांगते. मला बूटकॅम्पचा उपयोग झाला, आणि झाला तो लेक्चरांचा नाही. लेक्चरं फुकट सगळीकडे आहेत. उपयोग झाला पेअरिंगचा. दोघींत एक कीबोर्ड. एक टाइप करणार, दुसरी पुढचा विचार बोलून दाखवणार, ठरावीक वेळाने अदलाबदल. पहिले काही दिवस मला बोलताच येईना. "इथे काहीतरी करू" असं म्हणायचे, आणि जोडीदार शांतपणे विचारायची, "काहीतरी म्हणजे काय?" त्या प्रश्नाने मी प्रोग्रॅमर झाले. घरी एकटीने यूट्यूब बघताना हा प्रश्न कोणी विचारत नाही. हिरण्यकेशी, तुझ्या क्लासमध्ये जोडीने काम करतात का, आणि दुपारनंतर लॅबमध्ये शिकवणारं कोणी हजर असतं का, एवढं बघ. नसेल तर सव्वा लाखात तू फक्त एसी आणि खुर्ची घेतेयस.

आणि हो, माझ्या बूटकॅम्पने सुरुवातीच्या आधी कित्येक आठवड्यांचा घरचा अभ्यास दिला होता, तो पुरा केल्याशिवाय आत घेत नव्हते. अर्धविराम म्हणतात तेच.


मास्तर_निवृत्त

आमच्या लहानपणी पोरांना विहिरीत ढकलून पोहायला शिकवत. हे तसंच दिसतं.


पावशेर

मास्तर, पण पाठीला डबा बांधून ढकलायचे. इथे डब्याचे वेगळे पैसे.


मास्तर_निवृत्त

:) ते खरंच.

धागाकर्तीला एक माहिती. इंग्रजीची धास्ती असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प आहे. सी, जावा, लिनक्स वगैरेंवर छोटे छोटे व्हिडिओ, त्यांतले बरेच मराठीत. माझ्या नातीला शेतकी शाळेत असताना मी तेच लावून दिले होते. फुकट आहेत. पुढे इंग्रजी लागतंच, कारण एरर मराठीत येत नाही, पण लूप म्हणजे काय ते पहिल्यांदा आपल्या भाषेत ऐकलेलं बरं.


हिरण्यकेशी

सगळ्यांचे आभार. इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ई-मॅंडेटचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "ते स्टँडर्ड प्रोसिजर आहे." बुकिंग भरलेलं नाही.

शिफ्टवरून आल्यावर फ्रीकोडकॅम्पवर जावास्क्रिप्ट सुरू केलंय. पण एका ठिकाणी डोकं फिरलं. दोन खोके केले, त्यांत आकडे टाकायचे आणि बटण दाबलं की बेरीज. १० आणि ५ टाकले. उत्तर १०५! वजाबाकी केली तर बरोबर ५ येते. एकाच पानावर वजाबाकी बरोबर आणि बेरीज चूक कशी असेल?


अर्धविराम

वा, हा प्रश्न पडला म्हणजे सुरुवात झाली.

पानावरच्या खोक्यात तुम्ही काहीही टाइप करा, ब्राउझरच्या लेखी तो मजकूर असतो. दहा हा आकडा नाही, "एक" आणि "शून्य" ही दोन अक्षरं शेजारी शेजारी. जावास्क्रिप्टमध्ये अधिकच्या चिन्हाला दोन कामं आहेत: आकडे असतील तर बेरीज, मजकूर असेल तर एकापुढे एक चिकटवणं. तुम्ही दोन मजकूर दिलेत, त्याने चिकटवून दिले. वजाच्या चिन्हाला मजकुराशी करण्यासारखं काही कामच नाही, म्हणून वजा दिसलं की जावास्क्रिप्ट गुपचूप दोन्हींचे आकडे करते आणि वजाबाकी करते. खोक्यातली किंमत घेतल्याबरोबर तिला नंबर फंक्शनमधून काढा, मग बेरीज करा.

ही भाषा १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत उभी केली. तेव्हाचे असले गुपचूप कारभार आजही आपल्या माथी आहेत.

एक सवय लावून घ्या. उत्तर विचित्र आलं की कोडकडे टक लावून बसायचं नाही. दोन्ही किमती कन्सोलवर (ब्राउझरमधली छापून बघायची खिडकी) छापा आणि त्यांचा प्रकार काय आहे तेही टाइपऑफने छापा. तिथे "स्ट्रिंग" दिसलं असतं की पुढचं तुम्हीच ओळखलं असतं.


ताकभात

आता ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघा आणि इथे सांगा. क्यूसीवाल्यांसाठी खास.


हिरण्यकेशी

०.३०००००००००००००००४!!

आमच्याकडे असं आलं असतं तर डेव्हिएशनची चौकशी उघडून तीन सह्या घ्याव्या लागल्या असत्या.


ताकभात

हाहा. कॉम्प्युटर आत शून्य आणि एक या दोनच अंकांत हिशेब ठेवतो, त्यात एक दशांश नेमका मावत नाही. आपल्याला एक तृतीयांश ०.३३३ असा लांबवत न्यावा लागतो तसाच त्यालाही. जावास्क्रिप्टचा दोष नाही, पायथॉनमध्येही हेच येईल. म्हणून रकमांचे हिशेब पूर्ण पैशांत ठेवतात, रुपयांत नाही.


भरती_ओहोटी

भरतीच्या खुर्चीतून दोन शब्द. हिंजवडीत एका मध्यम आकाराच्या कंपनीत ज्युनियर लोकांच्या मुलाखती घेतो.

बूटकॅम्पमधून आलेले रेझ्युमे लांबून ओळखू येतात. टू-डू लिस्ट, हवामानाचं अ‍ॅप आणि नेटफ्लिक्सची नक्कल. एकाच बॅचच्या तीस जणांचे तेच तीन प्रोजेक्ट, रंगसुद्धा तेच. गिटहबवर (कोड टप्प्याटप्प्याने जपून ठेवायची साइट) गेलं तर सगळं कोड एकाच कमिटमध्ये, म्हणजे एकाच टप्प्यात, संदेश "फायनल". काही जणांनी डेटाबेसचा पासवर्डही सगळ्या जगाला दिसेल असा ठेवलेला असतो. मी मुलाखतीत अवघड कोडी विचारत नाही. त्यांचाच प्रोजेक्ट उघडायला लावतो आणि सांगतो, ही यादी तारखेप्रमाणे उलटी लावून दाखव. ज्याने स्वतः लिहिलंय तो सरळ योग्य फाइल उघडतो, अडखळतो, कन्सोल बघतो, करतो. ज्याने उतरवलंय तो एकेक फाइल उघडून बंद करत राहतो. पाच मिनिटांत कळतं. डिग्री कोणती हे मला त्यानंतर आठवतही नाही.

मात्र दुसरी बाजू लपवत नाही. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत डिग्री, टक्के आणि पासिंग इयर यांची चाळणी आधी लागते, तिथे बूटकॅम्पचं सर्टिफिकेट कोणी वाचत नाही. आणि ज्युनियर जागा २०२१ सारख्या आता नाहीत. तेव्हा शेंबड्यालाही ऑफर मिळत होती. इकडच्या क्लासवाल्यांच्या भिंतीवरचे हसरे फोटो बरेचसे त्याच वर्षाचे असतात, तारीख बघा.


कुपीतला_राक्षस

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं त्या दिवशी बूटकॅम्प मेले. सगळा कोड एआय लिहितो, आता हे शिकणं म्हणजे टायपिंगच्या परीक्षा देण्यासारखं आहे. ताईंनी सव्वा लाखाची एफडी करावी.


भरती_ओहोटी

राक्षसा, माझ्या टीममध्ये सगळे एआय वापरतात, मीही. तो लिहून देतो, पण काय मागायचं आणि दिलेलं बरोबर आहे का हे कळायला कोणीतरी लागतंच. वरचं १०५ चं उदाहरण घे. एआयने लिहिलेल्या दोनशे ओळींत तसलं एक चिकटवणं राहिलं तर ते ओळखणारा माणूस हवा. जागा कमी झाल्या हे खरं. ज्या उरल्या त्यांना जास्त येणारा माणूस लागतो, कमी येणारा नाही.


अर्धविराम

आणि शिकताना तर एआय जपून वापरा. एरर आली की लगेच तिथे चिकटवायची आणि उत्तर आणायचं, यात एरर वाचायची सवयच लागत नाही. एररमध्ये फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असतो, नवखे लोक तो लाल मजकूर बघूनच घाबरतात. आधी स्वतः वाचा, काय म्हणतेय ते एका वाक्यात मराठीत लिहा, मग हवं तर विचारा. आणि विचाराल तेव्हाही "का?" विचारा, "दुरुस्त करून दे" नको.


सोलकढी

हा धागा आज वाचला. सगळे वेब, रिअ‍ॅक्ट, हिंजवडी करताहेत आणि पोरगी एचपीएलसीवर बसलेली आहे हे कोणाच्या लक्षातच नाही!

मी गोव्यात वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषध कंपनीत आहे. बीएस्सी केमिस्ट्रीच. क्यूसीतून आता कॉम्प्युटर सिस्टीम व्हॅलिडेशनला. तुझ्या मशीनच्या मागे जे सॉफ्टवेअर चालतं, ज्यात तू पासवर्ड टाकून इंटिग्रेशन करतेस, त्याची ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं याची नोंद) बरोबर राहते का, कोणाला कोणते हक्क दिलेत, आकडा बदलला तर जुना आकडा दिसतो का, हे सगळं तपासून कागदावर आणणारी माणसं लागतात. अमेरिकेच्या औषध नियामकाचा, एफडीएचा, कॉम्प्युटरवरच्या नोंदी आणि सह्यांबद्दलचा २१ सीएफआर भाग ११ हा नियम १९९७ पासून आहे, आणि तिकडे औषधं पाठवणाऱ्या, अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीला तो पाळावा लागतो. लिम्स (लॅबच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांना एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) येणारा आणि स्पेसिफिकेशन म्हणजे काय हे वेगळं समजवावं न लागणारा माणूस पाहिजे असतो. असा माणूस बाजारात फार नाही. कोडिंग येणारे ढीगभर, केमिस्ट्रीवाले ढीगभर, दोन्ही येणारे चार. तू वापरतेस त्या एक्सेल शीटसुद्धा व्हॅलिडेट कराव्या लागतात, ते कोण करतं तुमच्याकडे? त्या माणसाशी दोस्ती कर.

फुलस्टॅकमध्ये तू बावीस वर्षांच्या इंजिनीअर पोरांबरोबर रांगेत शेवटी उभी राहशील. इकडे तुझी शिफ्टमधली वर्षं मोजली जातात. एसक्यूएल आणि थोडं पायथॉन शीक. त्याला नोकरी सोडावी लागत नाही.


थंडीतली_सई

सोलकढी, हे आधी कोणीच कसं बोललं नाही! माझ्या बूटकॅम्पमध्येही ज्यांचं पटकन बस्तान बसलं ते आपलं जुनं क्षेत्र घेऊन गेलेले होते. एक नर्स होती, ती हॉस्पिटलांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत गेली.


कुपीतला_राक्षस

हे पटलं. एफडीचा सल्ला मागे घेतो, अर्धा.


हिरण्यकेशी

सोलकढी, तुम्ही म्हणताय ते काम आमच्याकडे क्यूएमध्ये (गुणवत्ता हमी विभाग) एक सर करतात, मी कधी त्या नजरेने बघितलंच नव्हतं. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे, चहाला गाठते.

दरम्यान सुट्टीच्या दिवशी पुण्याला जाऊन त्या क्लासमध्ये एक पूर्ण दिवस बसून आले. मॅडम डेमो लेक्चरला बसवत होत्या, मी चालू बॅचमध्येच बसू द्या म्हणून अडून राहिले. इथे वाचलं नसतं तर हे सुचलं नसतं.

साठेक जण होते. सर चांगले आहेत, खरंच समजावून सांगतात. त्या दिवशी सर्व्हरकडून माहिती मागवायची कशी ते चाललं होतं. मागवली आणि लगेच पुढच्या ओळीत छापली तर "प्रॉमिस पेंडिंग" असं काहीतरी येत होतं. सरांनी सांगितलं की जावास्क्रिप्ट उत्तराची वाट बघत थांबत नाही, पुढे निघून जाते, म्हणून अवेट लिहायचं. सगळ्यांनी अवेट लिहिलं, चाललं. माझ्या शेजारच्या मुलीला मी विचारलं की मग वाट न बघता पुढे जायचा फायदा काय? ती म्हणाली, "ते नको विचारूस, टेस्टला फक्त अवेट येतं." दुपारी लॅब. सर दुसऱ्या बॅचला गेले. एक मदतनीस मुलगा होता, तो मागच्याच बॅचचा, नोकरी शोधतोय म्हणाला. पहिल्या दोन रांगा मन लावून करत होत्या. मागच्यांनी पुढच्यांचं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून चिकटवलं. संध्याकाळी सहालाच निम्मा वर्ग रिकामा. तिसऱ्या रांगेतला साताऱ्याचा एक मुलगा मात्र उठला नाही. त्याचं चालत नव्हतं आणि दुसऱ्याचं घ्यायला तो तयार नव्हता. मी निघाले तेव्हाही कन्सोल उघडून एकेक ओळ छापून बघत होता. त्याच्यासारख्याने कुठेही शिकलं असतं असं मला वाटलं.

जोडीने काम कोणी करत नव्हतं. सुरू झालेल्या मुलांपैकी किती जण टिकले आणि कोणत्या कामाला लागले ते विचारलं, तर भिंतीवरचे फोटो दाखवले.


अर्धविराम

शेजारच्या मुलीला विचारलेला प्रश्न फार चांगला होता. उत्तर: ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट पानाचं सगळं काम एकाच धाग्यावर करते. (आपला हा धागा नव्हे.) सर्व्हरचं उत्तर यायला दोन सेकंद लागणार असतील आणि ती तिथेच थांबली, तर तेवढा वेळ पान गोठेल, बटण दाबलं तरी काही होणार नाही. म्हणून मागणी नोंदवून ती बाकीची कामं उरकते. अवेट लिहिलं की फक्त ते एक फंक्शन थांबतं, पान नाही.


पावशेर

मग काय ठरलं? जनता उत्सुक आहे.


हिरण्यकेशी

राजीनामा देत नाही, एवढं ठरलं. बूटकॅम्पला नाही म्हणून कळवलं, मॅडमनी दहा हजार कमी केले. वडिलांना सांगितलं तर ते आता म्हणतात, "मग शनिवार-रविवारचा एखादा क्लास तरी बघ की." यांना काही पटतच नाही!

क्यूएचे सर बोलले. म्हणाले, एसक्यूएल येत असेल तर लिम्सच्या पुढच्या कामात नाव सुचवतो, शब्द देत नाही. म्हणून एसक्यूएलाइट हा छोटा डेटाबेस उतरवून घेतलाय. कंपनीचा डेटा घरी आणलेला नाही, मनाचेच आकडे टाकलेत: एका टेबलात चाळीस सॅम्पल, दुसऱ्यात त्यांची इंजेक्शनं (सॅम्पल मशीनमध्ये सोडल्याच्या नोंदी) आणि पीक एरिया (ग्राफवरच्या उंचवट्याचं क्षेत्रफळ). दोन्ही टेबलं सॅम्पल क्रमांकावरून जोडली, म्हणजे जॉईन केली, तर चाळीस ओळींऐवजी एकशेवीस आल्या. प्रत्येक सॅम्पल तीन-तीनदा दिसतंय. जॉईन चुकलाय का?


सोलकढी

मनाचे आकडे घेतलेस ते उत्तम, खरा डेटा पेनड्राइव्हवर सापडला असता तर नोकरी गेली असती.

जॉईन बरोबर आहे. एका सॅम्पलची तीन इंजेक्शनं टाकलीस ना? चाळीस त्रिक एकशेवीस. जॉईन प्रत्येक जुळणाऱ्या जोडीची एक ओळ देतो. तुला सॅम्पलमागे एकच ओळ हवी असेल तर ग्रुप बाय सॅम्पल क्रमांक कर आणि पीक एरियाची सरासरी घे. मग ज्यांची तीन भरत नाहीत ती सॅम्पल काउंट लावून शोध, मुद्दाम एक इंजेक्शन पुसून बघ म्हणजे सापडतं का ते कळेल.


ताकभात

सरासरी झाली की आरएसडी (सरासरीच्या तुलनेत आकडे किती विखुरलेत ते) काढायचा मोह होईल. एसक्यूएलाइटमध्ये प्रमाण विचलनाचं तयार फंक्शन नाही, वर्गांच्या बेरजेवरून स्वतः काढावं लागेल. आणि तिनाने नाही, दोनाने भागायचं, पण हे क्यूसीवालीला मी काय सांगणार.


हिरण्यकेशी

एन वजा एक, माहितीये! स्वतः लिहून बघते. अडले तर नवा धागा काढू की इथेच विचारू?


सोलकढी

इथेच विचार. आणि सॅम्पल क्रमांकाचा कॉलम मजकूर ठेवलायस की आकडा ते आधी बघ, नाहीतर क्रमाने लावताना २ च्या आधी १० येईल.